उजव्या खिडकीतला हात

गाडीत बसले की मल्लेशअण्णांचा उजवा हात आपोआप खिडकीबाहेर जाई. सोलापुरात चादरींचा ट्रक ते स्वतः चालवत. मागून हॉर्न आला की समोरचा रस्ता बघून हात पुढं ढकलत, म्हणजे जा, मोकळं आहे. "मागच्याला दिसत न्हाय बे. ज्याला दिसतंय त्यानं सांगायचं की!"

सातवीतच शाळा सोडून त्यांच्याकडं कामाला लागलेल्या मला ट्रक शिकवला तो अण्णांनीच, होटगीच्या रस्त्यावर. सत्तरच्या दशकात त्यांच्या चादरी जर्मनीला निघाल्या, तेव्हा घरातले शिकलेले पुतणे सोडून त्यांनी मला नेलं. "ते इंग्रजी बोलतील. गाडी कोण हाकणार?"

हॅम्बुर्गला भाड्याची व्हॅन मिळाली. अण्णा सवयीनं उजव्या दारातून चढले आणि ओरडले, "स्टेअरिंग कुटं गेलं बे?" ते डावीकडं, माझ्यापुढं होतं. मी भित्रा माणूस. धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी, विम्याचं हिरवं कार्ड, आंतरराष्ट्रीय लायसन, सगळं निघण्याआधी पुन्हा पुन्हा चाचपायचो. "कागदं चाचपून गाडी पळती व्हय?" असं म्हणत त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली. कोहळा मिळेना म्हणून व्हॅनपुढं चक्क खरबूज फोडलं. दंड होईल या धास्तीनं फोडी मी धावत वेचल्या.

माल म्युनिकच्या वेबरसाहेबांकडं पोचवायचा होता. त्यांना गोदामासाठी ड्रायव्हर हवा होता आणि अण्णांनी माझं नाव सांगितलं होतं. अट एकच. वाटेत पोलिसांची तक्रार आली, तर नोकरी नाही. घरची सगळी माझ्या पगाराकडं डोळे लावून बसली होती.

डोंगरातल्या वळणावर मागं एक गाडी आली. माझं लक्ष समोर. शेजारी अण्णांचा हात केव्हाच बाहेर गेला होता आणि जोरजोरात हलत होता. मागची गाडी पोलिसांची निघाली. कुणीतरी मदतीला बोलावतंय असं वाटून त्यांनी आम्हाला थांबवलं.

मी कागदं चाचपायला लागलो. पोलीस माझ्या खिडकीशी येण्याआधीच अण्णा उतरले. छातीवर थाप मारून म्हणाले, "माय हँड! ड्रायव्हर गुड, लई गुड!" मग रस्त्याकडेला उभं राहून त्यांनी हात कसा हलवला, ते साग्रसंगीत करून दाखवलं. पोलीस आधी चक्रावला, मग हसला. अण्णांना परत सीटवर बसवून त्यानं त्यांच्या बाजूची काच स्वतः पूर्ण वर चढवली आणि जा म्हणाला.

व्हॅन निघाली तसा अण्णांनी बंद काचेवर हात टेकवला. मग म्हणाले, "काच लावली बे त्यानं. आता मागच्याला कोण सांगणार?"

"अण्णा, तितनं तुमाला नुसती झाडं दिसत्यात. रस्ता मला दिसतोय."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोललो होतो. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "व्हय की," म्हणाले, आणि म्युनिक येईपर्यंत उजवा हात मांडीखाली दाबून बसले.

नोकरी मिळाली. अण्णा परत निघाले तेव्हा स्टेशनवर मी रडकुंडीला आलो. "अण्णा, मला हितं कुणीच ओळखत न्हाय."

"मला तरी हॅम्बुर्गात कोण वळखत हुतं बे?"

गाडी हलली. काच खाली झाली आणि तो हात बाहेर आला. निरोपाचा नव्हताच तो. तळवा पुढं ढकलत होता, ट्रकमधून ढकलायचा तसाच. पाण्यानं भरलेल्या डोळ्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. अण्णांना दिसत असणार, असं म्हणून मी गोदामाकडं निघालो.