मामाची पलटण

माझ्या मामाइतका गाडीत बसणाऱ्यांचा छळ करणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत सापडायचा नाही. उंब्रजचा हा गडी सैन्यात ड्रायव्हर होता आणि पेन्शनीत आल्यावर त्यानं घरच्या गाडीचीच पलटण केली. प्रत्येकाचा पट्टा स्वतःच्या हातानं ओढून बघितल्याशिवाय किल्ली फिरायची नाही. एका लग्नात त्यानं नवरीच्या शालूवरून पट्टा आवळला, तेव्हा वरमाय जी फुगून बसली ती अक्षता पडेपर्यंत. डॅशबोर्डवरचा गणपती त्यानं खणात ठेवला, कारण "एअरबॅग उघडली की देव थेट थोबाडावर यील." गाडीच्या तोंडाला लोखंडी गार्ड बसवायला निघालेल्या शेजाऱ्याला तर त्यानं भर रस्त्यात धरलं. "बॉनेट चेपायलाच केलंय रं! त्यानं मार खायचा, पट्ट्यानं माणूस धरायचा, बॅगनं डोकं झेलायचं. पलटण हाय ही. एक गडी गैरहजर असला, की बाकीच्यांचं काय चालत न्हाई." आम्ही हसायचो. सगळ्यात जास्त मामी हसायची.

गेल्या वर्षी आम्ही कोयनानगरच्या बाजूला देवीला गेलो होतो. मी मामाशेजारी पुढं, मामी मागं. परत निघताना तिच्या पदरात नारळ-तांदळाची ओटी होती आणि ती घरी पोचेपर्यंत खाली ठेवायची नव्हती. "आवं, देवीच्या ओटीवरनं पट्टा आवळायचा व्हय?" मामी म्हणाली. पट्ट्यावाचून गाडी टीं टीं करत राहिली. ज्यानं नवरीलाही सोडलं नव्हतं, तो माणूस त्या दिवशी खाली उतरला आणि मामीच्या पाठीमागून पट्टा घेऊन त्यानं खटक्यात अडकवला. "ऱ्हाऊ दे. घाट उतरलो की नीट लाव," म्हणाला. गाडी गप्प झाली.

तिसऱ्या का चौथ्या वळणावर ट्रक अंगावर आला. मामानं ब्रेक करकचून दाबला तरी चाकं घसरली नाहीत, बॉनेट चेपलं, पट्ट्यानं छाती आवळली, एअरबॅग फुगली. सगळं मामा सांगायचा तसंच, त्याच क्रमानं. आम्हा दोघांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. मामी दोन सीटच्या मधून पुढं फेकली गेली. गाडीभर तांदूळ पांगले होते. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.

आता मामा कुणावर ओरडत नाही. गाडी मी चालवतो, तो मागं मामीच्या जागी बसतो. ज्या ओरडण्याला मी इतकी वर्षं वैतागलो, त्याची मला फार आठवण येते. परवा निघताना मीच मागं वळून विचारलं, "मामा, पट्टा लावला का?"

"वढून बघ," तो म्हणाला.

मी उतरलो, मागचं दार उघडलं, पट्टा ओढून बघितला. घट्ट होता.

"आणिक एकदा बघ रं," मामा म्हणाला.