मागचे पाटे

"मागं कोण बसणार?"

गाडी कुठलीही असो, अण्णांचा पहिला प्रश्न हाच. इंजिनाचा आवाज नंतर, रंग नंतर, किती पळाली ते तर सगळ्यात शेवटी. आणि प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतील तर ते अण्णा कसले! तोवर ते गाडीच्या पलीकडे पोहोचलेले असायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला चहासुद्धा चालता चालता प्यावा लागतो. चामराजपेटच्या त्यांच्या गॅरेजमध्ये तीन स्टुलं होती. अण्णांना मी एकावरही बसलेलं पाहिलं नाही.

त्यांचं मराठी घराणं बंगळूरात कधी आलं, ते त्यांनाही सांगता येत नसे. "तुमची मराठी पुण्याची, आमची स्वल्प वाकडी," म्हणायचे. "पण गाडीला कळते."

माझी गाडी म्हणजे सत्तरच्या दशकातली दोन दारांची अमेरिकन. लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन. ताकद पुढे होती, पण मागे तिचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या त्या पोलादी पट्ट्या, थकून सपाट झाले होते. गाडी मागून जुन्या खाटेसारखी बसली होती आणि जोर दिला की मागची चाकं रस्त्यावर उड्या मारायची.

सर्जापूर रोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मी महिनाभर इंटरनेटवर वाचलं होतं. मूळचे होते तसेच नवे पाटे करून घ्यायचे, नाहीतर शर्यतीचे कडक पाटे घालायचे, नाहीतर पाटेच काढून टाकून कॉइल स्प्रिंग बसवायच्या. त्यासाठी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कापून वेल्डिंग करावं लागणार होतं. मला हेच शेवटचं हवं होतं. सामानाची पेटी परदेशातून मागवूनही झाली होती.

"मागं कोण बसणार?"

"कोणी नाही, अण्णा. मी एकटाच चालवतो."

"आज एकटे," म्हणाले आणि निघून गेले.

मग सुरू झालं. चासीवर खडूनं खुणा केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या. सकाळी सहाला फोन, "दात घासताना सुचलं. दोन बोटं पुढं वेल्ड करू." सातला पुन्हा फोन, "नको, राहू दे." असे आठवडे गेले. पेटी उघडी, गाडी जॅकवर, आणि अण्णा तिच्याभोवती फेऱ्या घालताहेत. एके दिवशी मी चिडलो.

"अण्णा, जमत नसेल तर सांगा. हेब्बाळला एक जण करून देतो म्हणालाय."

ते जागच्या जागी उभे राहिले. "सरी, बरं," म्हणाले. "चाकं लावतो. तुम्ही चालवा, मी मागं बसतो."

मैसूर रोडला लागल्यावर एक उखडलेला पट्टा आला. गाडी आपटली. मी आरशात पाहिलं.

"आरशात नको. रस्त्याकडे बघा," अण्णा म्हणाले. आणि मग मागूनच बोलू लागले.

"सव्वीस वर्षांचा होतो. माझ्या गाडीला ट्रकसारखे कडक पाटे घातले होते. वळणावर जराही कलायची नाही, लोक बघत राहायचे. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सातवा महिना होता. एकाएकी दुखायला लागलं, ऑटो मिळेना. मीच घेऊन निघालो. रस्ता सगळा खणलेला. एकेका खड्ड्याला मागं ती... मी आरशात तिला बघत होतो आणि गाडी पळवत होतो."

मी वेग कमी केला.

"अक्का वाचली. मूल नाही. डॉक्टर म्हणाले, गाडीनं नाही झालं, ते घरीच झालं होतं. अक्काही तेच सांगते. पण परत तिला गाडीत बसवायची माझी छाती झाली नाही. तीस वर्षं झाली. ती ऑटोनं जाते, मी मागून स्कूटरनं."

गॅरेजमध्ये परतल्यावर ते त्या पेटीपाशी उभे राहिले. "बोला. कापू? गाडी तुमची आहे. पण एकदा कापली की होती तशी होत नाही."

खरं सांगतो, त्या क्षणीही मला ती पेटी हवीच होती. "नका कापू," मी म्हणालो. 

अण्णांनी एका म्हाताऱ्या लोहाराकडून नवे पाटे करून आणले, मूळच्याच ताकदीचे. नवे रबरी बुश, चांगले शॉकअप. पाच वेळा चढवले, पाच वेळा उतरवले. एक पट्टी बारीक केली, एक बदलली. जोर दिला की मागची चाकं अजूनही थोडी उडतात, नाही असं नाही. पण खड्ड्यातून गाडी आता डुलत निघते.

आज ते गॅरेज नाही. जागेवर चार मजली इमारत उठते आहे, आणि अण्णा अक्कांना घेऊन धारवाडला धाकट्या बहिणीच्या मुलीकडे राहायला गेलेत. अण्णा म्हटलं की मला आठवतो, मी गाडी न्यायला गेलो होतो तो रविवार.

अक्का गॅरेजमागच्या घरातून पिशवी घेऊन बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. "हीच का ती?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली.

"मला मल्लेश्वरमला जायचंय, मैत्रिणीकडे," त्या भावाला म्हणाल्या.

"ऑटो बोलावतो."

"ऑटो नको. तू सोड."

अण्णांनी हात पुसले, फडकं टाकलं, परत उचललं, परत पुसले. मी अक्कांना पुढे बसवायला दार उघडलं. त्यांनी मलाच पुढची सीट वाकवायला सांगितली आणि सावकाश मागे जाऊन बसल्या. अण्णांनी माझ्याकडे किल्लीसाठी हात केला. मी किल्ली दिली आणि शेजारी बसलो.

त्या दिवशी त्यांनी ती गाडी दुधाचं भांडं न्यावं तशी नेली. मागून रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. निम्म्या वाटेत अक्कांची मान कलली, डोळे मिटले. मल्लेश्वरम आलं आणि गेलंही.

"अण्णा, वळायचं राहिलं," मी म्हणालो.

"हळू बोला की," ते कुजबुजले. "झोप लागलीय तिला."

आणि ते पुढचं वळण घेऊन परत त्याच रस्त्याला लागले.