शेकोटीचा खाऊ

कोणतंही पाकीट हातात आलं की खाला आधी ते उलटं करत. पुढच्या बाजूचं हसरं बाळ, पिवळाधमक आंबा, भलीमोठी अक्षरं यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. चष्मा वेळेवर कधीच सापडायचा नाही, म्हणून पाकीट हातभर लांब धरायचं आणि मागची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचायची. मराठी असेल तर भरभर, इंग्रजी असेल तर एकेक अक्षर जोडत. वाचून झालं की निकाल लागायचा. "हौ, चालतंय." नाहीतर, "नक्को. वापस करा." त्या निकालावर अपील नसे.

मी शहरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. त्या आमच्या स्वयंपाकघरात होत्या. पिशोर, देवगाव रंगारी आणि आसपासच्या गावांतून आठवी ते दहावीला आलेल्या साठ मुली रोज दोन वेळा त्यांच्या हातचं जेवायच्या. बाकी सगळ्या कामाच्या बायकांना मुली मावशी म्हणत, यांना तेवढ्या खाला. अर्थ तोच, पण 'खाला' म्हणताना मुलींचा आवाज जरा लाडात येई, कारण त्या हाकेनंतर बहुतेक वेळा हातावर गुळाचा खडा पडत असे.

त्यांना कामावर घेतलं तेव्हा काही पालकांनी कुरकुर केली होती म्हणे. मी येईपर्यंत त्या गोष्टीला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती आणि त्याच गावांतले पालक मुलींना भेटायला आले की येसराची, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी वाटीनं पीत होते. यात आमटीचा वाटा होताच, पण त्यांच्या शिस्तीचा जास्त होता. स्वयंपाकघर शाकाहारी, म्हणून स्वतःचा डबा त्यांनी कधी आत आणला नाही. तो मागच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असे. पायरीवर बसून जेवायच्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायच्या. त्यांना हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "अहो, एवढं कशाला?" तर म्हणाल्या, "पोरींच्या मायबापानं भरवशावर पाठवलंय मॅडम. ज्याचं त्याला चालतंय तेच पोटात गेलं पायजे."

एकदा मी हौसेनं जेलीची पाकिटं आणली. नेहमीप्रमाणे ती उलटी झाली, लांब धरली गेली आणि माझ्याकडे परत आली.

"यात जिलेटिन हाय."

"म्हणजे?"

"हाडं, चामडं उकळून काढत्यात. आमच्यात कशाचं हाय ते बघून घ्यावं लागतं, म्हणून आमाला ठावं. तुमच्यातल्यांना पत्ताच नसतो, खुशाल खात्यात."

मी बी.एस्सी. झालेली बाई. हे मला एका सातवी शिकलेल्या बाईंकडून कळलं, आणि ते मी लक्षात ठेवायला हवं होतं.

दर जानेवारीत मुलींचं दोन दिवसांचं शिबिर कन्नड तालुक्यातल्या डोंगरात जातं. त्या वर्षी सगळी तयारी झाली आणि आदल्या दिवशी त्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी आली. शिबिर रद्द. मुलींनी असा गळा काढला की बिबट्यालाही वाईट वाटलं असतं. त्यांचं दुःख डोंगराचं नव्हतं, शेकोटीचं होतं. कुणाच्या तरी फोनवर त्यांनी पाहिलं होतं की परदेशातली मुलं शेकोटीवर पांढऱ्या मऊ वड्या भाजतात, त्या चॉकलेटसकट दोन बिस्किटांत दाबतात आणि खातात. मार्शमेलो. महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता.

आता योग असा, की माझी बहीण नुकतीच परदेशातून येऊन गेली होती आणि मार्शमेलोची चार मोठी पाकिटं माझ्या कपाटात पडून होती. मी जाहीर करून टाकलं, शेकोटी जेवणाच्या हॉलमध्ये होईल. मुलींनी मला जवळजवळ उचललंच.

खालांचा उत्साह मुलींपेक्षा कमी नव्हता. त्या म्हणाल्या, "घरी कबाबाच्या सळया हायेत पंधरा-वीस, पर त्या नक्को. नव्या आणते." रिक्षानं औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन त्यांनी नव्या सळया आणल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या. मुलींनी तक्रार केली की गॅसवर भाजलं तर शेकोटीचा वास कुठून येणार? त्यावर त्या नुसत्या हसल्या. परातीत बिस्किटं आणि चॉकलेटचे तुकडे मांडले, मधोमध वाटीत लाल निखारा ठेवला, त्यावर तुपाचा थेंब सोडला आणि वर मोठं झाकण घातलं. आमच्याकडे डाळीला देतात तसा धुंगार. झाकण उघडलं तेव्हा हॉलभर धूर पसरला आणि साठ मुली एकदम ओरडल्या. आली शेकोटी.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट सांगायला हवी. मी मार्शमेलो एका मोठ्या डब्यात ओतून आणले होते. पाकिटं माझ्या खोलीतच कचऱ्यात टाकली होती. त्यांनी डब्यात पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"पाकीट कुठं हाय मॅडम?"

"टाकलं."

"मागं काय लिवलं होतं?"

बाहेर मुली टाळ्या पिटत होत्या. मी म्हणाले, "वाचलंय मी. चालतंय."

त्यांचाच शब्द मी त्यांना दिला. मी ते पाकीट उलटं करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि गॅस पेटवला.

एकेक मुलगी सळई घेऊन येत होती आणि त्या तिच्या हातावर हात ठेवून वडी आचेवर फिरवत होत्या. वडी फुगली, तांबूस झाली की बिस्किटांत दाबून देत होत्या. सगळ्यांचं झाल्यावर मुली त्यांच्याभोवती जमल्या. "खाला, तुम्हीपण! खाला, तुम्हीपण!" शेवटी एक खाल्लं. "लई गोड हाय गं. दातच चिकटले," असं म्हणून तोंडावर पदर धरून हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचरा गोळा करायची पाळी नववीतल्या एका मुलीची होती. इंग्रजीत हुशार. घरात अंडंसुद्धा येत नाही अशी. तिला माझ्या खोलीच्या टोपलीत पाकीट मिळालं. परदेशी माल, त्यावर आपल्याकडचा हिरवा-तांबडा ठिपका नव्हता, पण मागं सगळं सरळ लिहिलेलं होतं. जिलेटिन, आणि तेही डुकराचं. तिनं रडत घरी फोन केला.

सोमवारी सकाळी तिचे वडील आले. माझ्या कार्यालयात बैठक बसली. संस्थेचे सचिव, मुलीचे वडील, मी आणि दाराजवळ उभ्या खाला. पाकीट टेबलावर होतं. सचिवांनी विचारलं, मुलींना हे दिलं कुणी? मुलीनं खरं ते सांगितलं होतं. खालांनी दिलं.

वडील भांडायला आलेले नव्हते. हात जोडूनच बोलले, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण झालं. "बाई, तुमच्यात चालत असंल. पर आमच्या लेकीनं जन्मात असलं कधी खाल्लं नाय."

"दादा, डुकराचं हाय ते," त्या म्हणाल्या. "आमच्यात तर बिलकुल चालत नाय. अन् मी बी खाल्लं."

वडिलांनी मान खाली घातली. मग सचिव म्हणाले, "पण तुम्ही तर सगळं वाचून घेता. हेच कसं नाही वाचलं?"

हीच ती वेळ होती. पाकीट रेक्टरबाईंनी आणलं, त्यांनीच वाचलंय म्हणून सांगितलं, एवढं त्या बोलू शकत होत्या. आणि त्या बोलल्या नसत्या तरी मी बोलू शकत होते. त्या महिन्यात माझी नेमणूक कायम व्हायची होती. मी पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाय वाचलं," त्या म्हणाल्या.

निर्णय झाला. त्यांना स्वयंपाकघरातून काढून साफसफाईवर टाकायचं. तसं पत्र मी टाईप केलं आणि खाली सही केली. मला लाज वाटत होती. लाज वाटूनही मी सही केली, हे तुमच्यापासून लपवायचं काही कारण नाही.

माझी समजूत होती की त्या माझ्याशी बोलणं टाकतील. तसं काही झालं नाही. सकाळी "सलाम मॅडम" तसंच होतं. आठवड्यानं जिना पुसता पुसता त्या थांबल्या.

"वाचलं नव्हतं ना तुमी?"

"नाही," मी म्हणाले.

"मला वाटलंच." फडकं बादलीत पिळलं. "मीटिंगचं जाऊ द्या. नोकरी कुणाला नको असती? पर त्या दिवशी तुमी नाय वाचलं म्हणाल्या असत्या, तर मी गॅस पेटवला नसता. पोरी रडल्या असत्या घडीभर. माझ्या हातानं वाढलं ना मॅडम मी. एकेकीला बोलवून."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि पुढची पायरी पुसायला घेतली. माफ केलं की नुसतं ऐकून घेतलं, ते मला आजही कळलेलं नाही.

महिना-दीड महिन्यानं, एका दुपारी, त्या माझ्या खोलीत आल्या. हातात स्टीलचा डबा. आत पांढऱ्या चौकोनी वड्या, वर तांबूस डाग, बिस्किटांत बसवलेल्या, चॉकलेटसकट.

"चायना ग्रासच्या हायेत," त्या म्हणाल्या. रमजानात त्यांच्याकडे दुधात शिजवून पुडिंग करतात, तेच ते समुद्रातल्या शेवाळाचं. "झाडाचंच म्हणा की. सगळ्यांला चालतंय. लई तरास दिला पर. सळईवर धरलं की पाघळून खाली. तीन डाव बर्नर साफ केला. मंग वरून पिठीसाखर टाकली अन् पळी लाल करून नुसता चटका दिला."

मी एक खाल्लं. ते त्या परदेशी वड्यांइतकं मऊ नव्हतं, जरा थरथरत होतं, पण चव फार चांगली होती आणि धुंगारही दिलेला होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरींना देऊ का? पाकिटं बी आणलीत समदी, दाखवायला."

पिशवीतून त्यांनी बिस्किटाचं, चॉकलेटचं, साखरेचं, चायना ग्रासचं, एकेक रिकामं पाकीट काढून टेबलावर ओळीनं ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात मुली शाळेतून परत येत होत्या. एक हाक मारली असती तर सगळ्या धावत आल्या असत्या. नियम मोडल्यासारखं होईल, सचिवांच्या कानावर जाईल, पुन्हा तो विषय निघेल, असं बरंच काही माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"आत्ता नको," मी म्हणाले. "थोडे दिवस जाऊ द्या."

"हौ," त्या म्हणाल्या. पाकिटं पिशवीत भरली, डब्याचं झाकण लावलं आणि मुलींच्या मधून वाट काढत निघून गेल्या. दोघी-तिघींनी "खाला, डब्यात काय?" म्हणून विचारलंही. त्यांनी काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही.

ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. दोन वर्षांत ती दहावी गेली, मग नववी, मग आठवी. नव्या मुली आल्या. स्वयंपाकघरात नव्या बाई आल्या, चांगल्या होत्या, मीठ जरा जास्त टाकायच्या. नव्या मुलींना 'खाला' हा शब्द कुणी शिकवला नाही. त्यांच्यासाठी त्या झाडूवाल्या मावशी होत्या. त्यांनी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. एकदा जेवणाच्या हॉलबाहेर झाडताना त्यांना थांबलेलं मी पाहिलं. आत आमटीला फोडणी पडत होती. त्यांनी एक श्वास घेतला, "मोहरी करपली," असं पुटपुटल्या आणि पुन्हा झाडू लागल्या.

माझी नेमणूक कायम झाली होती, त्यामुळे बोलायला मला आता कशाचं भय नव्हतं. तरी मी बोलले नाही. इतक्या दिवसांनी कशाला, असं वाटायचं, आणि जितके दिवस जात तितकं ते जास्त पटायचं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या कामावर आल्या नाहीत. त्यांच्या मुलाचा फोन आला. ताप डोक्यात गेला, तीन दिवसांत सगळं संपलं. मी त्यांच्या घरी जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर मुलींसमोर मला दोन शब्द बोलायचे होते. कागदावर लिहून आणलं होतं. कामसू, प्रामाणिक, वेळेच्या पक्क्या. कागद उघडला आणि मला तो वाचवेना. मी तो मिटला आणि सगळं सांगितलं. खाऊ कुणी आणला, पाकीट कुणी वाचलं नाही, विचारल्यावर कोण खोटं बोललं आणि बैठकीत कोण गप्प बसलं. सगळं. जे सात वर्षं गिळून बसले होते, ते अखेर उघड बोलले होते, आणि मला वाटलं, आता काहीतरी होईल.

मुली एकमेकींकडे बघत होत्या. कुठला खाऊ, कसलं पाकीट, त्यांना काही उमजत नव्हतं. जेव्हाची ही गोष्ट, तेव्हा त्या आपापल्या गावी पहिली ते तिसरीत होत्या. मग पुढच्या रांगेतल्या आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, झाडूवाल्या मावशींना स्वयंपाक यायचा?"

मी हो म्हणाले. साठ मुली माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीनंही त्यांच्या हातचं काही खाल्लेलं नव्हतं.