खंडेनवमी, कॉम्प्युटर आणि सुभेदार

बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर आले की सुभेदार आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. डावं मनगट उजव्या मुठीत घट्ट. मग मान जरा पुढे काढून पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचायचे, शाळेतलं पोर धडा वाचतं तशी. सगळं वाचून झालं की आमच्याकडे वळून म्हणायचे, "ऐकलं न्हवं? काय म्हणतंय ते?"

आम्ही कुठलं ऐकतोय! आमचे हात तोवर चार बटणं दाबून मोकळे झालेले असायचे.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. वय पंचेचाळीस, म्हणजे आपल्याला सगळं कळतं अशी खात्री असण्याचं. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात साखळीला चष्मा आणि 'शांतता राखा' अशी पाटी माझ्याच चेहऱ्यावर. आज नातवंडं "आजीला कॉम्प्युटरमधलं कळतं" म्हणून मैत्रिणींना सांगतात तेव्हा मी गंभीर चेहरा करून मान डोलावते. त्यांनी तेव्हाची मी पाहिलेली नाही, हे बरंच आहे.

सुभेदार पलूसकडचे. सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामात आयुष्य काढून निवृत्त झालेले. घरचा ऊस थोरल्या भावाच्या ताब्यात, म्हणून हे आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीवर मदतनीस म्हणून लागले. रोज एसटीने यायचे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्यांना स्वतःचं नाव कुठे छापलेलं चालायचं नाही. कॉलेजात सात-आठ जुनी मशीन होती आणि कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली लिनक्स या संगणकप्रणालीची एक सीडी होती. फुकट म्हणून प्राचार्यांना आवडली आणि जुन्या मशीनवरही चालतं म्हणून सुभेदारांना. त्यातलं एक मशीन माझ्या वाचनालयात आलं.

पहिल्याच आठवड्यात मी यादी छापायला घेतली. पहिली ओळ नीट आली. दुसरी ओळ पहिली जिथे संपली तिथून सुरू झाली, तिसरी आणखी उजवीकडे, आणि चौथी कागद सोडून निघूनच गेली. जिना उतरावा तशा ओळी! मी प्रिंटरच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. कागद बदलला, शाईची फीत बदलली. मग सुभेदारांना बोलावलं.

त्यांनी हात मागे बांधले, कागद नुसता पाहिला आणि हसले. "बाई, नांगर बघितलाय का कवा? बैल तासाच्या टोकाला पोचलं की नुसतं खाली सरकून चालत न्हाई, माघारी बांधाला आणाय लागतंय. ह्यो गडी खाली उतरतोय, पर माघारी यायचं त्याला कुनी सांगितलंच न्हाई."

मग त्यांनी छपाईच्या व्यवस्थेच्या फाइलीत एक ओळ घातली, प्रत्येक ओळीनंतर प्रिंटरला माघारी बोलावणारी. पण घालण्याआधी त्या फाइलची नक्कल करून बाजूला ठेवली. मी म्हटलं, "एका ओळीसाठी नक्कल कशाला?" ते म्हणाले, "चुकलं तर घरला जायची वाट पायजे की."

एकदा सीडी बाहेर येईना. मी डोक्यातली पिन काढून त्या फटीत घातली होती, तेवढ्यात ते आले. "आवं, आवं! आत कुनीतरी कामात हाय. कडी आतनं लावल्याली, आन तुमी भाईरनं दार उचकटताय व्हय?" मग एक आज्ञा लिहून त्यांनी आत कोण बसलंय ते शोधलं. मीच उघडून विसरलेली पडद्यावरची एक खिडकी होती. ती बंद केली, सीडी सोडायला सांगितली आणि ट्रे आपसूक बाहेर आला. पिन त्यांनी माझ्या हातावर ठेवली. ते फार लागलं.

जागा संपली म्हणून मशीन कुरकुरलं की आम्ही सगळे फाइली पुसत सुटायचो. सुभेदार आधी विचारायचे, "कोन खातंय ते बघितलं का?" बहुतेक वेळा मशीन स्वतःच रोजनिशी लिहून लिहून फुगलेलं असायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा दुसरा नियम. चार गोष्टी बदलल्या आणि चालू झालं, तर ते त्यांना बरं झालं असं वाटतच नसे. "कशानं बरं झालं म्हाईत न्हाई, मंजे उद्या परत पडंल."

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल की अशांचा आधी राग येतो. मला यायचा. दर शनिवारी ते दारात उभे राहून विचारायचे, "बाई, नक्कल काढली का फ्लॉपीवर?" मी म्हणायचे, "काढते." फ्लॉप्यांची कोरी पेटी मी पुढच्या शनिवारसाठी जपून ठेवलेली होती.

वाचनालयात अकरा हजारांवर पुस्तकं. त्यांची यादी लांब लाकडी खणांतल्या कार्डांवर होती. ती मी दीड वर्ष बसून कॉम्प्युटरवर चढवली. इंग्रजी अक्षरांत मराठी नावं, एका बोटाने. शेवटचं पुस्तक चढलं तेव्हा, श्रावणात, माझ्या अंगात आधुनिकता संचारली. कार्डांचे खण रिकामे केले आणि सगळी कार्डं रद्दीत दिली. "आता कशाला हवीत?" असं शिपायाला वर ऐकवलं. हे सुभेदारांना मी सांगितलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा. सुभेदार गावी गेले होते. नांगर, मोटार, विहीर, त्यांच्याकडे पूजेला बरंच काही. जाताना सांगून गेले होते, "बंद करायचं तर त्याला सांगून बंद करा. मेन स्विचला हात लावू नगा." आमच्या वाचनालयात पूजेला बांधणीसाठीचं एक शिवणयंत्र, पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि माझा कॉम्प्युटर. मी सकाळी येऊन नव्या पुस्तकांच्या नोंदी करत बसले होते. तेवढ्यात गुरुजी आले, घाईत. त्यांना अजून चार ठिकाणी जायचं होतं. चालू यंत्राला ओलं गंध लावायचं म्हणजे शॉक बसेल अशी मला भीती. आज्ञा देऊन बंद करायला दोन मिनिटं लागतात, आणि गुरुजी ताटकळलेले. मी शिपायाला म्हटलं, "मेन स्विच पाड."

हार घातला. हळदकुंकू वाहिलं. अक्षता तर मी अशा मुक्त हस्ताने टाकल्या की लग्नात टाकाव्यात. आरती झाली, पेढे वाटले, स्विच वर केला. मशीन काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं ओकत गेलं आणि मध्येच थांबलं. इंग्रजीत म्हणालं ते मला पहिल्यांदाच नीट वाचता आलं, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं. आपोआप दुरुस्ती होत नाही, हाताने करा.

जवळच्या दुकानातला एक तरुण तंत्रज्ञ आला. पाहून म्हणाला, "काही नाही मॅडम, फॉरमॅट मारू. नवं कोरं होईल."

"आणि यादी?"

"ती जाणार. कार्डं असतील ना तुमची?"

त्याला मी घालवूनच दिलं. परवा, सुट्टी संपली की प्राचार्य संस्थेच्या लोकांना माझी संगणकीकृत यादी दाखवायला आणणार होते. यादी नाही, कार्डं नाहीत. अकरा हजार पुस्तकं नुसती उभी, आणि त्यांत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. नोकरी गेली असती तर चाललं असतं एक वेळ, पण वीस वर्षं राखलेलं वाचनालय मीच आंधळं केलं होतं.

सुभेदारांच्या गावात पिठाच्या गिरणीत फोन होता. तिथे निरोप ठेवला. दसऱ्याच्या दिवशी सकाळी, घरचा सण टाकून, ते पहिल्या एसटीने आले. पांढरी टोपी, कपाळाला गंध. हात मागे बांधले आणि सगळं वाचलं, सावकाश.

"काय झालं हुतं?"

"वीज गेली," मी म्हटलं.

त्यांनी हाराकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. "वीज गेली न्हाई बाई. तुमी घालवली."

मग खिशातून त्यांनी अडचणीच्या वेळी मशीन चालू करायची फ्लॉपी काढली. ती आत जाईना. बॅटरी लावून फटीत पाहिलं, चिमटा मागितला आणि आतून एकेक करून पाच तांदूळ काढले. कुंकवाने लाल झालेले. तळहातावर घेऊन मला दाखवले.

"ह्याला जेवाय घातलंत व्हय?"

मी रडायच्या बेतात होते, आणि हसले. तसं त्यांनी मुद्दामच केलं असावं.

दुरुस्तीला लगेच हात घातला नाही. शेजारच्या खोलीतल्या मशीनची डिस्क काढून आणली, जोडली आणि बिघडलेली डिस्क जशी होती तशी तिच्यावर उतरवायला लावली. "आत्ता हाय ह्यापेक्षा वाईट व्हायला नगं." त्याला दोन तास लागणार होते. दोघं भडंग खात बसलो. तेव्हा त्यांनी विचारलं, "कार्डं हायेत की. गेलं तर गेलं, परत चढवू. मी बी बसतो."

मी भडंगाकडे बघत म्हटलं, "रद्दीत दिली."

"कवा?"

"श्रावणात. कोपऱ्यावरच्या भेळवाल्याकडे गेली."

त्यांनी भडंगाचा बकाणा भरला. मग म्हणाले, "मंजे चमचं झालं."

खरंच झाले होते. नंतर त्या गाडीवर भेळ खाताना एकदा कार्ड कापून केलेला, माझ्याच अक्षरातला चमचा माझ्या हाती आला. त्यावर एका कवितासंग्रहाचा दाखल क्रमांक होता. मी तो धुऊन पर्समध्ये ठेवला.

डिस्क उतरून झाली तसे सुभेदार उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा."

"मी? नको, माझा हात चांगला नाही."

"तुमचीच यादी हाय. तिची वळख तुमाला. मी हितं हुबा हाय."

मशीन एकेक तुकडा दाखवायचं आणि विचारायचं, हे कुणाचं ठाऊक नाही, ठेवू का? प्रत्येक प्रश्न ते मला मोठ्याने वाचायला लावत, मग 'हो' दाबायला. पाचपन्नास वेळा तरी दाबलं असेल. शेवटी मशीन चालू झालं. यादी मात्र जिथे असायची तिथे नव्हती.

"संपलं," मी म्हटलं.

"गप ऱ्हावा. जत्रेत पोर हरवलं की कुठं बघत्यात?"

"मंडपात. पोलिसांच्या."

"तसा मंडप ह्याच्यात बी हाय."

होता. सापडलेल्या पण नाव हरवलेल्या फाइली तिथे नुसत्या आकड्यांनी बसवलेल्या. त्यांनी विचारलं, तुमच्या यादीत हमखास सापडंल असा एक शब्द सांगा. मी म्हटलं, कादंबरी. तो शब्द त्यांनी मला सगळ्या आकड्यांमध्ये शोधायला लावला. पडदा क्षणभर कोरा राहिला, आणि मग कादंबऱ्याच कादंबऱ्या धावू लागल्या, खालून वर, थांबेचनात. माझ्या एका बोटाने चढवलेल्या. मी तोंडाला पदर लावला. सुभेदार खिडकीबाहेर बघत होते, बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

त्या सकाळच्या सात नोंदी तेवढ्या गेल्या होत्या. मग त्या कोऱ्या पेटीतल्या फ्लॉप्या काढून मी नकला केल्या. दोन-दोन. न सांगता.

निघताना त्यांनी कॉम्प्युटरची वही पुढे केली. काय बिघडलं, कशाने, काय केलं, ते त्यात लिहायचं. मी पेन घेऊन घुटमळले. वही प्राचार्य बघायचे.

"खरं लिवा," ते म्हणाले. "लाज दोन दिस टिकती. लिवल्यालं पुढच्याला उपेगी पडतं."

मी लिहिलं: 'पूजेसाठी मेन स्विच ग्रंथपालांनी बंद करविला.' अक्षतांचंही लिहिलं. ते वाचून त्यांनी मान डोलावली आणि सोनं लुटायच्या आत गावी पोचायला हवं म्हणून जवळजवळ पळतच स्टँडकडे गेले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी वही वाचली, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि सुभेदारांना विचारलं, "दुरुस्त कुणी केलं?"

"बाईंनी, सायेब. दुरुस्तीचं एकूण एक बटण त्यांनीच दाबलं. म्या हुबा हुतो."

आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या माणसाने मला खुर्चीत का बसवलं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

दोन वर्षांनी थोरल्या भावाचे गुडघे गेले आणि ऊस सुभेदारांच्या गळ्यात पडला. शेवटच्या दिवशी ते वाचनालयात आले ते वाचक म्हणून. टोपी हातात घेऊन रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, "तुम्ही आणि रांगेत?" तर म्हणाले, "पुस्तक पायजे. ताऱ्यांचं. लडाखला हुतो तवा आभाळ लय जवळ हुतं, पर नावं म्हाईत न्हवती कुनाची."

यादीत शोधलं. नकाशे असलेलं एक जुनं पुस्तक निघालं, वीस वर्षांत कुणी न नेलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे मी स्मरणपत्र धाडलं. उलट टपाली कार्ड आलं: 'निम्मं आभाळ झालं. बाकीचं पावसानं अडवलंय.' मी मुदत वाढवली. पुढच्या वर्षी पुन्हा वाढवली. मग स्मरणपत्र पाठवणंच सोडून दिलं.

सुभेदार जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा त्यांच्या सुनेचा फोन आला होता. "मामंजींच्या उशाला तुमच्या वाचनालयाचं पुस्तक हाय. आणून द्यू का?" मी म्हटलं, राहू द्या.

यादी आता तिसऱ्या-चौथ्या नव्या व्यवस्थेत गेली आहे, पण नोंदी त्याच आहेत. दर वर्षी पुस्तकांची मोजणी झाली की आताची ग्रंथपाल मला फोन करते. चुणचुणीत मुलगी आहे. "मॅडम, ते ताऱ्यांचं पुस्तक अजून बाहेरच दिसतंय. हरवलं म्हणून काढू का?"

"काढू नकोस," मी सांगते. "मुदत वाढव."