सुमंत सोनटक्केचा पाचवा शब्द

हिंगण्याच्या एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात सुमंत सोनटक्के फिटर होता. त्याचा आवाज असा, की प्रेस धडधडत असतानाही त्यानं शेडच्या या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाचा माणूस हातातलं टाकून यायचा. फोनबिन करायची गरजच नाही. हाच आवाज रविवारी चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा. माइक बंद पडला की सगळी मंडळी नुसती सुमंतकडे बघायची. तो उठायचा, शर्ट खाली ओढायचा आणि वाचायला लागायचा. शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारे म्हातारेसुद्धा सरळ होऊन बसायचे. अभिमान होता त्याला, आणि का नसावा? देवानं दिलेली वस्तू तो देवाच्याच घरात वापरत होता.

फक्त त्याच तोंडात, डाव्या गालाखाली, सकाळपासून रात्रीपर्यंत खर्रा असायचा. आता नागपुरात खर्रा खाणारा म्हणजे काही जगावेगळा माणूस नव्हे. सुपारी-तंबाखू घोटून देणारा टपरीवाला इथं नाक्यानाक्यावर बसलेला आहे. पण सुमंतचा थाट पाहा. चर्चच्या फाटकापाशी थुंकायचं, नळावर खळखळून चूळ भरायची आणि मग पवित्र चेहऱ्यानं आत जायचं. जसं काही प्रभूला फाटकाबाहेरचं दिसतच नाही! बायको पुष्पलता वीस वर्षं बोंबलत होती. "एक दिवस हे तोंडच ऱ्हायनार नाही तुमचं," ती म्हणायची. तो हसायचा. हसण्याचा आवाजही मोठाच होता.

गालात चट्टा आला, तो त्यानं चार महिने लपवला. तिखट लागेना, तोंड पुरतं उघडेना, तरी म्हणे अक्कलदाढ दुखून राहिली. शेवटी पुष्पलतानंच त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. ती अंगणवाडीत मदतनीस. पंचवीस पोरांना ओढून आणणाऱ्या बाईला एक नवरा काय जड? डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि जे निघायचं तेच निघालं, कॅन्सर. डाव्या बाजूचा जबडा गेला, जिभेचाही एक भाग गेला. वर रेडिएशनचे तेहतीस शेक दिले. माणूस वाचला. आवाज मात्र गेला म्हणावं तर गेला नव्हता, त्याहून वाईट झालं होतं. आवाज होता, शब्द राहिले नव्हते. या गोष्टीत त्याची वाक्यं सरळ लिहिली आहेत ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. ऐकायला ती तशी नव्हती. निम्मी अक्षरं तोंडातच विरून जायची.

आणि कोरड! शेकानं लाळच आटली. तोंड म्हणजे चैत्रातली चुन्याची भट्टी. दर दहा मिनिटांनी घोटभर पाणी घेतलं नाही तर जीभ टाळूला चिकटून बसे. कारखान्यानं त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तिथं पोरं त्याच्याशी मोठमोठ्यानं बोलत, जणू तो बहिरा झाला होता. एका किराणावाल्यानं तर "सकाळी सकाळीच दारू लावून आला का गा?" असं विचारलं. त्या दिवसापासून सुमंतनं दुकानात जाणं सोडलं. मग चर्चही सोडलं. रविवारी पुष्पलता एकटीच जायची, आणि तो पंख्याखाली पडून राहायचा.

माणसं भेटायला यायची. मंडळीतले ज्येष्ठ रुपरावकाका एकदा आले, चहा घेता घेता म्हणाले, "सुमंत, पेरलं तसंच उगवते गा. आपल्या कर्माचं फळ. पश्चात्ताप कर म्हंजे झालं." पुष्पलतानं त्यांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला. "काका, तुमाले साखरेची बिमारी हाये ना? तवा आमी आलो होतो का जिलेबीचा हिशेब सांगाले?" काका चपला शोधत निघून गेले. बाई जिभेची तिखट खरी, पण त्या दिवशी तिनं जे केलं ते कुठल्याही प्रार्थनेहून कमी नव्हतं.

गंमत अशी की रुपरावकाका जे बोलले तेच सुमंतला मनातून खरं वाटत होतं. तेच तर दुखणं होतं. "दुसऱ्यांवर दुःख येते, ते देवाले हाक मारू शकतात," तो एकदा पुष्पलताला म्हणाला. "मी तर सोताच्या हातानं खाल्लं वं. आता मी कोणत्या तोंडानं मागू?" ती त्याच्याजवळ बसून राहिली आणि रडली.

त्यानं मागणं सोडलं ते असं. देवाला मागेना, डॉक्टरला विचारेना, ताटात भाजी कमी पडली तरी बोलेना. वर्ष गेलं.

मग ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला आणि तरुण पाळक प्रज्वलसाहेब एका संध्याकाळी घरी आले. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांच्या मंडळीत बारा ते तीन उपासना असते. प्रभूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, त्यांना मंडळी आपल्या भाषेत सात शब्द म्हणते. सात जणांनी एकेक शब्द घ्यायचा आणि त्यावर बोलायचं. सतरा वर्षं पहिला शब्द, क्षमेचा, सुमंतकडे होता. तो दुसऱ्या कुणाला द्यायची कुणाची छातीच नव्हती. आणि पाचवा शब्द कुणालाच नको असायचा. प्रभूला तहान लागली, एवढंच तर आहे त्यात! त्यावर पंधरा मिनिटं बोलायचं काय? म्हणून तो बहुतेक नवख्याच्या गळ्यात पडायचा.

"सुमंतभाऊ," पाळक म्हणाले, "या वर्षी पाचवा शब्द तुम्ही घ्या."

सुमंतचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं हातातली बाटली टेबलावर आपटली. "दया करून राहिले का माह्यावर? का गंमत? माह्या तोंडात थुका नाही म्हून तहानेचा शब्द?" पाळकांना निम्मंच कळलं, पण जे कळलं ते पुरेसं होतं. ते खाली मान घालून म्हणाले, "मला त्या शब्दावर काही बोलता येत नाही हो. दोनदा बोललो, दोन्ही वेळा पुस्तकी. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." आणि उठून गेले.

खरं सांगायचं तर तिथंच सगळं संपायचं. सुमंतसारखा हट्टी माणूस एकदा नाही म्हणाला की झालं. पण पुढच्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. दुपारची वेळ, मार्च संपत आलेला. कारखान्याची बस चुकली म्हणून सुमंत शेअर ऑटोत बसला. वाटेत रस्त्याचं काम, ऑटो जागच्या जागी ठप्प. अर्धा तास झाला, बाटलीतलं पाणी संपलं. जीभ टाळूला चिकटली. श्वाससुद्धा ओरबाडत जायला लागला. दुकान जवळपास नाही. शेजारी एक मजूर बाई बसलेली, बांधकामावरची, केसांत सिमेंट. तिच्या मांडीवर पाण्याचा डबा. सुमंत त्या डब्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. दोनदा फिरवली, तीनदा फिरवली. शेवटी त्यानं ओंजळ पुढं केली. मरायची वेळ आल्यावर कुठली आली ऐट?

बाईनं विचारलं नाही काय झालं, कशानं झालं. "लो भैया, धीरे पियो," म्हणाली. डाव्या ओठातून पाणी गळायला लागलं, तर तिनं आपल्या खडबडीत हातानं त्याची हनुवटी खालून धरली, आपण पोराची धरतो तशी. तो प्याला. पुढच्या चौकात ती उतरून गेली. तिचं नावही त्याला विचारता आलं नाही.

घरी येऊन सुमंतनं शास्त्र काढलं आणि प्रभूच्या दुःखसहनाची सगळी हकिकत पुन्हा वाचली, मनातल्या मनात. पुष्पलता भाकरी थापत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"पुष्पा, त्यानं मागतलं वं."

"कोनं?"

"प्रभूनं. बाकी समदं दुसऱ्याइच्यासाठी. याले क्षमा, त्याले स्वर्ग, मायची सोय. सोतासाठी एकच मागतलं. पाणी. अन् कोनाले मागतलं? ज्याइनं खिळे ठोकले त्याइलेच. त्याले लाज नाही वाटली."

पुष्पलतानं भाकरी तव्यावर टाकली. "मंग तुमालेच काहून एवढी लाज वाटते?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुमंतनं पाळकांना निरोप धाडला: पाचवा शब्द माझ्याकडे.

त्यानंतरचे तीन आठवडे काय वर्णावे! कारखान्यातून आला की आरशासमोर उभा. जीभ डावीकडे, जीभ उजवीकडे, डॉक्टरांनी शिकवलेले आणि त्यानं वर्षभर न केलेले सगळे व्यायाम. चार पानं भाषण लिहिलं. रोज पुष्पलताला समोर बसवून वाचायचं. तिच्याकडं खोटं कौतुक नाही. "पहिल्या पानातल्या चार गोष्टी समजल्या. बाकी काही नाही." तो चिडायचा, पाणी प्यायचा, पुन्हा वाचायचा. मग एक पान फाडलं, आठवड्यानं दुसरं फाडलं. शेवटी एकच पान उरलं. ज्या माणसाच्या आवाजानं शेड दणाणायची, तो एका पानासाठी घाम गाळत होता, आणि एकदाही म्हणाला नाही की सोडून देतो. असली मेहनत त्यानं आवाज होता तेव्हा कधी केली नव्हती, हे त्यानं स्वतःच कबूल केलं.

उत्तम शुक्रवारी नागपूरचं ऊन त्रेचाळीसच्या पुढं. कूलर घरघरत होते, बायका पदरानं वारा घेत होत्या. सातही वक्ते पुढं मंचावर, खुर्च्यांवर रांगेत. चौथा शब्द रुपरावकाकांचा. ते सुरू झाले की थांबत नाहीत हे साऱ्यांना ठाऊक. पंधराऐवजी पस्तीस मिनिटं झाली. सुमंतची बाटली तिथंच रिकामी झाली. गीत झालं आणि पाळकांनी त्याचं नाव घेतलं. तो उठला. शर्ट खाली ओढला. पान उघडलं. तोंड उघडलं.

शब्दच फुटेना. जीभ चिकटली होती. त्यानं दोनदा प्रयत्न केला, घशातून नुसता घरघराट आला. बाकांवर चुळबूळ झाली. कुणी खाली बघायला लागलं, कुणी छताकडं. पुष्पलतानं तिसऱ्या बाकाची कड घट्ट धरली. तिला वाटलं, आता हा उतरतो. उतरला तर पुन्हा कधी या दारात येणार नाही. सुमंतनंही पायरीकडं एकदा बघितलं.

मग तो रुपरावकाकांकडं वळला, त्यांच्या खुर्चीजवळ पाण्याचा जग होता, आणि सगळ्यांदेखत हात पुढं केला. "काका, पाणी द्या."

तेवढं साऱ्यांना समजलं. काका गडबडून उठले. पेला भरताना निम्मं पाणी खाली सांडलं. सुमंत मंडळीसमोर उभा राहून प्याला. पाणी ओठातून गळून शर्ट भिजला, त्यानं पुसला नाही. पान घडी करून खिशात घातलं आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करत बोलला.

"प्रभूनं असंच मागतलं. मी वरीसभर नाही मागतलं. मले वाटे, चूक माही हाये, मी कायले मागू. वाळून गेलो. चूक माहीच हाये. तरी पाणी भेटलं. तुमाले जे लागते ते मागा. देवाले मागा, बाजूच्यालेबी मागा."

आणि खाली बसला. पाच मिनिटंही झाली नव्हती. सहाव्या शब्दाच्या वक्त्याला उठायला जरा वेळ लागला, कारण तो डोळे पुसत होता.

तीन वाजता उपासना संपली. उत्तम शुक्रवारी कुणी गप्पा मारत नाही, माणसं मुकाट्यानं निघतात. सुमंत आणि पुष्पलता फाटकाशी आले तेव्हा मागून कांताबाई आली. ही चर्चची झाडलोट करणारी, साठी उलटलेली विधवा. कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. तिनं इकडं तिकडं बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली, "माह्या जिभेखाली गाठ हाये. पोळ्यापासून हाये. मी दाताले तंबाखूचा गुडाखू घासतो ना, म्हून कोनाले सांगतलं नाही. पोरालेबी नाही. लोकं म्हनतीन, बुढीनं सोताच केलं. मले लय भेव लागून राहिलं. तुमी येता का संग दवाखान्यात?"

पुष्पलतानं तोंडाला पदर लावला. सुमंतनं कांताबाईचा हात धरला. त्यानं कुठलं वचन सांगितलं नाही, की गुडाखूचा विषय काढला नाही.

"उद्या सात वाजता घरून निघजा," तो म्हणाला. "मी इथंच उभा राहीन."

कांताबाईला ते एकदाच सांगावं लागलं.