यंदाचा चेहरा

तार आली तेव्हा मी ओसरीवर वाती वळत बसले होते. आमच्या देवासात तार म्हटली की घरातली माणसं आधी रडून घेतात आणि मग ती वाचणारा शोधतात. मामेभावाची लेक बनी शाळेत जाते, इंग्रजी अक्षरं लावते, तिनंच वाचली. धारला दादा गेला. माझा सख्खा थोरला भाऊ. वाती भाऊबीजेसाठीच वळत होते... तशाच मांडीवर राहिल्या.

हे सगळं बनी लिहिते आहे, मी नुसती सांगते. मला दिसत नाही. लहानपणी देवी आल्या, जीव ठेवला आणि डोळे घेऊन गेल्या. त्याआधी पाहिलेला दादा तेवढा माझ्यापाशी राहिला: शाळकरी, शेंडी ओली, कान चांगले सुपासारखे, आणि आंब्याचा रस पार कोपरापर्यंत ओघळलेला. पुढे त्याला मिशा आल्या, लग्न झालं, धारच्या कचेरीत इंग्रजी कारकून म्हणून चिकटला. मी मात्र आईवडिलांमागे इथं देवासला मामांकडे राहिले. तरी स्वप्नात तो त्याच कानांनी यायचा आणि बाप्याच्या घोगऱ्या आवाजात बोलायचा. मला त्यात काही वावगं वाटत नसे. स्वप्नात कोण कुणाला जाब विचारतो!

कचेरीत त्याचं काम मोठं गमतीचं. पळालेल्या माणसांचे हुलिये, म्हणजे माणूस दिसतो कसा ते, इंग्रजीत लिहून छावणीतल्या साहेबाकडे धाडायचे. सुट्टीत आला की तो मला ते शब्द शिकवी. टॉल म्हणजे उंच, शॉर्ट म्हणजे बुटका, स्टाउट म्हणजे अंगानं भरलेला, थिन म्हणजे किडकिडीत. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं ओसरीवर बसायचो. आमच्या एका गावात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती; समोरचा रस्ता तेव्हाही अर्धा थोरल्या पातीचा आणि अर्धा धाकट्या पातीचा. दादा दोन्ही राज्यांतली माणसं मला सारखीच दाखवी. "तो बघ, थोरल्या पातीचा शिपाई. टॉल, डार्क, लाँग नोज. आणि हा आपल्या पातीतला हलवाई. शॉर्ट, स्टाउट, डबल चिन." मग मी डोळे मिटून, म्हणजे आहेत तसेच ठेवून, त्या हलवायाला हनुवटीखाली दुसरी हनुवटी लावायची आणि हसत सुटायची. एकदा मांडूला गोरी मडम पाहून आला. तिच्या तोंडावर म्हणे फ्रेकल्स होते. "ते काय रे?" "खसखस सांडल्यासारखे ठिपके, चिमे." कितीतरी दिवस माझ्या स्वप्नात ती मडम मांडूच्या पडक्या महालांतून हिंडत होती, आणि तिच्यामागे खसखशीचा वास.

मी मोठी झाले तशी एक गोष्ट मनात सलू लागली. माझा चेहरा कसा आहे? मामीला विचारलं की म्हणायची, "अगदी लक्ष्मीसारखी दिसतेस गं." आणि आल्यागेल्या बायका दाराआड म्हणायच्या, "बिचारी!" मेल्यांना वाटायचं, डोळे गेले तसे हिचे कानही गेलेत. माझी बोटं काय मला सांगत नव्हती? गालावर खड्डेच खड्डे. शेवटी एका भाऊबीजेला दादाला पाटावर बसवलं, तबक हातात घेतलं आणि म्हणाले, "ओवाळणीत खण नको. माझा हुलिया सांग. खरा." तो मग कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "हाइट मीडियम. कॉम्प्लेक्शन व्हीटिश, म्हणजे गव्हाळ. फेस ओव्हल. पॉकमार्क्ड, म्हणजे देवीच्या व्रणांचा."

"म्हणजे वाईट?"

"चांगलं-वाईट असा रकानाच नसतो गं त्या कागदात."

काय सांगू, छातीवरचा दगड उतरला. आपल्याकडे रूप सांगायचं म्हणजे आधी निवाडा. त्या परक्या शब्दांना ना माझी कीव, ना माझं कौतुक. मध्यम उंचीची, गव्हाळ आणि व्रणांची, सगळं एका ओळीत. त्या रात्री मी आरशात पाहिल्यासारखी निवांत झोपले. मग त्याच्याकडून कबूल करून घेतलं, "दर भाऊबीजेला तुझाही चेहरा मला सांगायचा. खोटं बोलायचं नाही." म्हणाला, "शप्पथ!" तेव्हापासून ओवाळून झालं की तो खण तबकात टाकी आणि वर यंदाचा चेहरा. मिशा थिक. पुढे हेअर ग्रे, कानापाशी. चष्मा. पुढचा एक दात मिसिंग, तेव्हा तर वहिनी लाजून आत पळाली. असा तो माझ्यासमोर वर्षावर्षानं मोठा झाला. कान मात्र मी बदलू दिले नाहीत.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला दारात टांगा थांबला आणि टांगेवाला म्हणाला, "भिया, धीरे उतरजो." दादाला धीरे उतर असं कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. कुंकू लावायला डाव्या हातानं त्याचं कपाळ चाचपलं, तर टोपी भुवयांपर्यंत घसरलेली. कानशिलाला माझा अंगठा टेकला तो खोल गेला, गेलाच. गालाचं हाड हाताला लागलं. मी तसंच ओवाळलं.

"सांग," मी म्हणाले.

"स्टाउट," दादा म्हणाला. "पोट सुटलंय गं चिमे. तुझ्या वहिनीच्या हातचे लाडू." आणि खोकला दाबत हसला.

मी खण घेतला. पण राग धरला, तो वर्षभर. साऱ्या जगानं मला लक्ष्मी म्हणावं आणि हा एकटा खरं सांगणारा, त्यानंही शेवटी माझ्या तोंडावर खोटं बोलावं? क्षयानं पोखरला होता, हे वहिनी आता सांगते. मी काय घाबरले असते? की त्याला वाटलं, हिच्याजवळ राहील तो चेहरा तरी भरलेला राहावा? रडू आलं की राग येतो आणि राग आला की पुन्हा रडू. रोज हेच चाललं होतं.

परवा भाऊबीज झाली. मामी म्हणाली, "ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, चल अंगणात." माझी इच्छा नव्हती. पण वाती वळलेल्या होत्या, त्यांचं काय करायचं? बनीनं तबक लावून दिलं, खांद्याला धरून मला चंद्राकडे तोंड फिरवून उभं केलं. टेकडीकडून गार वारा येत होता. दादाचे सगळे शब्द मी बनीला कधीच शिकवून ठेवले आहेत.

"कसा दिसतोय गं?" मी विचारलं.

"थिन, आत्या," बनी म्हणाली. "अगदी थिन."

"आता खरं सांगितलंस," मी त्याला म्हणाले, आणि ओवाळलं.