मामीचा समुद्र, मामाचं पितळ

काही माणसं भाऊबंदांना पाण्यात पाहतात. माझा मामा प्लॅस्टिकच्या पाइपाला पाण्यात पाहायचा. तो प्लंबर होता, आणि चांगला होता. मागच्या खिशात कायम पाना, अगदी कुणाच्या लग्नाला गेला तरी. म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत. प्लॅस्टिक म्हणजे खेळण्यातलं सामान, असं त्याचं मत. तोटी फिरवली तरी हाताला काही कळत नाही. पितळ बोलतं. आटा बसला की पान्याला सांगतं, बस, आता पुरे.

नव्या इमारती उठायला लागल्या तेव्हा सगळ्यांना प्लॅस्टिक हवं होतं. मामानं ती कामं सरळ सोडली. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला त्याला डिवचायचा, पाना, एकदा हात तर लाव, विंचू नाही तो. मामा म्हणायचा, विंचवाला निदान नांगी तरी असते.

मामी समुद्राकाठची. तिच्या माहेरी मागच्या दारातून दहा पावलं टाकली की भरतीचं पाणी पायाला लागायचं. तिथून ती आली ती अशा गावात, जिथं पाणी म्हणजे नळ आणि नळ म्हणजे तिचा नवरा. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिनं सांगून टाकलं होतं, तुमचा पाना फळीवर गेला की मी भावाकडं जाणार. मामा हसला होता. चौतीस वर्षं तो त्या बोलण्यावर हसत राहिला. मग त्याचा गुडघा गेला. बेसिनखाली बसता येईना. पाना फळीवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

ती भांडून निघाली नव्हती, हेच मामाला जड गेलं. रुसून गेलेल्या बायकोची समजूत काढता येते. ठरल्याप्रमाणं निघालेल्या बायकोला काय सांगणार? तुम्हीही चला, असं ती म्हणाली होती. पण मेव्हण्याच्या दारात जाऊन राहायचं मामाच्या जिवावर आलं. या घरातला एकेक नळ त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेला. लेकी दोन्ही आपापल्या संसारात. थंडी संपली की मामीचा भाऊ टेम्पो घेऊन येणार, असा निरोपही आला.

तेव्हा मामानं आयुष्यातलं सगळ्यात अचाट बोलणं केलं. मी तेव्हा तिथल्या छापखान्यात कामाला होतो आणि दर रविवारी दुपारी त्यांच्याकडं जेवायला असायचो, म्हणून ते माझ्या कानांनी ऐकलं.

"तुझा समुद्र मी इथं आणतो," तो म्हणाला. "त्यात एक तरी जीव महिनाभर जगला, तर राहशील?"

मामीनं ताटावरून मानही वर केली नाही. "जगला तर बघू," म्हणाली.

मामानं बंद पडलेल्या सलूनमधली चार फुटी काचेची टाकी पैदा केली. कडेला अजून दाढीच्या साबणाचे डाग होते. ते घासून काढले, लोखंडी अँगलचं स्टँड केलं आणि बाहेरच्या खोलीत, मामीचं शिलाई मशीन सरकवून, टाकी उभी केली. मग त्याच्यातला प्लंबर जागा झाला. बादल्यांनी पाणी उपसायचं म्हणजे अडाण्याचं काम. त्यानं अर्धा दिवस घालवून, काच तडकू नये म्हणून पाणी सोडत सोडत, काचेला खालच्या अंगाला भोक पाडलं आणि त्यात पितळी कॉक बसवला. पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या नळीलाही वळणावर पितळी कोपर. चिंच लावून असा लखलखीत केला होता तो कॉक, की त्यात बघून भांग पाडावा.

माशांच्या दुकानातली बाई पूर्वी दवाखान्यात नर्स होती, आणि माशांशी आणि गिऱ्हाइकांशी ती तशीच वागायची. तिनं समुद्री मिठाची पिशवी दिली, खारटपणा मोजायची तरंगती काचकांडी दिली, आणि भोकाभोकांचे समुद्रातले दगड दिले. या दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ती म्हणाली. घाण खाऊन पाणी राहण्याजोगं तेच करतात. त्यांना बस्तान बसवायला पाच आठवडे लागतात. तोवर टाकीत दुसरं काही सोडायचं नाही. अन् पाण्यात धातू जाऊ द्यायचा नाही.

मामानं मान डोलावली. त्याच्या लेखी धातू म्हणजे लोखंड, जे गंजतं. पितळ हे पितळ होतं.

पाच आठवडे माझा मामा दगड बघत बसला. काचेच्या नळीत पाणी घ्यायचा, बाईनं दिलेल्या बाटलीतले थेंब टाकायचा आणि रंग बघायचा. आधी हिरवा, मग जांभळा, मग पिवळा. येणाऱ्याजाणाऱ्याला नळी दाखवायचा. मामी येताजाता म्हणायची, दगडच बघायचे होते तर माझ्या माहेरी फुकट आहेत.

मध्येच एक घोटाळा झाला. टाकीतलं पाणी उडून जायचं, चार-पाच दिवसांत बोटभर खाली. मामा पेन्सिलच्या खुणेपर्यंत मीठ कालवलेलं पाणी पुन्हा भरायचा. समुद्रात समुद्राचंच पाणी घालायचं, असा त्याचा साधा हिशोब. एका रविवारी मामीनं जाता जाता बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. एवढा खारट माझा समुद्र नव्हता, म्हणाली. मामानं काचकांडी टाकली तर ती बुचासारखी वर आली. दुकानातल्या बाईनं त्याची हजेरी घेतली. पाणी उडतं, मीठ उडत नाही, ते तिथंच राहतं. खुणेपर्यंत भरायचं ते गोडं पाणी. मामाला ही गोष्ट इतकी पटली की तो आठवडाभर सगळ्यांना तीच सांगत होता, जणू त्यानंच शोधून काढली.

मग जीव आले. आधी दोन गोगलगाई, काच चाटून साफ करणाऱ्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही उताण्या. मग लाल पट्ट्यांची एक कोळंबी. ती एका दिवसात गेली. मामानं बाटलीत नेलेलं पाणी बाईनं तपासलं. मीठ बरोबर, घाण शून्य. माशी कुठं शिंकतेय तेच कळेना.

"धातू नाही ना कुठं?" तिनं विचारलं.

"पाण्यात लोखंडाचा कण नाही," मामा छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि ते खरंच होतं.

घरी मामीनं ट्रंकेत लुगडी रचायला घेतली होती. थंडी सरत आली होती. मामा रोज टाकीखाली कोरडं फडकं फिरवून बघायचा. त्याच्या हातचं काम कधी गळलं नव्हतं, आणि इथं काहीच गळत नसताना सगळं वाहून चाललं होतं.

बाईनं शेवटचं म्हणून एक खेकडा दिला. अंगठ्याएवढा, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा. मामानं पिशवी आणून टेबलावर ठेवली तशी मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं तो शंख तळहातावर घेतला आणि त्यावर तोंडानं ऊन वाफ सोडली, तान्ह्या पोराच्या कानात सोडावी तशी. आमच्याकडं पोरी असंच करायच्या, म्हणाली. घडीभरात एक पाय बाहेर आला, मग दोन डोळे, आणि मग त्यानं तिच्या करंगळीला चिमटा काढला. मामी हसली. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. मामा तिच्याकडं बघत राहिला. त्या दिवसापर्यंत मी मामीचं असं हसणं ऐकलं नव्हतं. मामानंही बहुतेक बऱ्याच वर्षांत ऐकलं नसावं.

तो शनिवार होता, छापखाना बंद म्हणून मी आलो होतो. रविवारी मी गेलो तर खेकडा शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता. पाय ढिले. मामा खुर्चीत बसून होता, मांडीवर हात टाकून. मामी टाकीसमोर उभी. बराच वेळ उभीच होती. मग तिनं बाही वर केली, खेकडा उचलला, चिनी मातीच्या वाडग्यात ठेवला आणि बादलीत कालवून ठेवलेलं ताजं खारं पाणी त्यावर घातलं.

"त्या कॉकच्या आट्याशी हिरवं चढलंय," ती म्हणाली. "पितळेत आंबट-खारट ठेवलं की कळकतं. घरातल्या कुठल्याही बाईला विचारा."

मामा गुडघा धरत खाली बसला. आट्यापाशी बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. त्यानं ते बोट उजेडाकडं धरून पाहिलं, चाळीस वर्षांच्या ओळखीचा माणूस खोटं बोलला असावा तसं.

"हे कधीपासून आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

मामी वाडग्यातलं पाणी बोटानं हळूहळू ढवळत होती.

"तेव्हा मला जायचं होतं," ती म्हणाली.

मामानं बोट पुसलं आणि कॉकखाली बादली सरकवली.

दुसऱ्या दिवशी मामा हार्डवेअरवाल्याकडं गेला. मी सोबत होतो, त्याच्या गुडघ्यासाठी. दुकानदारानं तीस वर्षं टोमणे साठवून ठेवले असणार. मामानं प्लॅस्टिकचे कॉक अन् कोपर मागितले तसं त्यानं चष्मा काढला, मामाकडं पाहिलं, चष्मा परत लावला आणि एवढंच विचारलं, किती इंची?

"अर्धा," मामा म्हणाला. "अन् ते चिकटवायचं कसं, तेही सांग. मला येत नाही."

दुकानदार काउंटरच्या बाहेर आला आणि पाइपाच्या दोन तुकड्यांवर त्यानं मामाला सोल्युशन लावायला शिकवलं, एकदा नाही, तीनदा.

दगडांनी आणि तळच्या वाळूनं पाण्यात उतरलेलं तांबं पिऊन घेतलं होतं, ते सगळं टाकावं लागलं. बाईनं मामाला पितळेत तांबंच असतं आणि या जिवांना ते विष, हे ऐकवलं, आणि मामानं ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं. टाकी व्हिनेगरनं धुतली, नवे दगड, पुन्हा पाच आठवडे. तेवढे दिवस खेकडा, आता सावरलेला, ओट्यावर वाडग्यात. मामी त्याचं पाणी रोज सकाळी अर्धं बदलायची, आधी जीभ लावून. काचकांडी आहे की, असं मामा म्हणाला तर म्हणायची, तुमची कांडी तुमच्याजवळ ठेवा.

त्यातच मेव्हण्याचा टेम्पो दारात लागला. तो घाईत होता, ट्रंक कुठंय म्हणाला. मामीनं त्याला ओट्यापाशी नेलं. वाडग्यात तिनं तीन मोकळे शंख मांडून ठेवले होते, लहान, मधला, मोठा. खेकडा मधल्या शंखाच्या तोंडात पाय घालून अंदाज घेत होता.

"इथं एक जण घर बदलतोय," मामी भावाला म्हणाली. "तेवढं पुरे."

भाऊ जेवून रिकामा टेम्पो घेऊन गेला. ट्रंक मामानं स्वतः माळ्यावर चढवली, गुडघा असून. मला हात लावू दिला नाही.

खेकडा महिना नाही, सहा वर्षं जगला. चार शंख बदलले. तो पितळी कॉक मामानं घासून फळीवर पान्याशेजारी ठेवला होता. आट्यातलं हिरवं मात्र घासलं नव्हतं.

टेम्पो रिकामा गेल्यावर दोन वर्षांनी मामी एकदा माहेरी गेली, पंधरा दिवस राहीन म्हणून. टाकी तिनं मामाच्या स्वाधीन केली. पाचव्या दिवशी मामानं फोन लावला. पाणी खुणेच्या बोटभर खाली गेलंय, तो म्हणाला. गोडं घालू की खारं?

 पलीकडून मामी म्हणाली, हात लावू नका कशाला, मी येते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पिशवीत माहेरचे दोन शंख घेऊन दारात उभी होती.